ल्युकेमियाचा रुग्ण बरळू लागला, त्याला भास होऊ लागले तर: सोबत राहणाऱ्यांसाठी

ल्युकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) उपचार घेणाऱ्या माणसाचं बोलणं-वागणं एकाएकी बदललं, तर त्याच तासात सिस्टरला सांगायचं. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही. 'अशक्तपणामुळे होतंय', 'झोप झाली नाही म्हणून' असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. बदल ओळखायचा कसा, सांगायचा कसा आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, ते खाली दिलं आहे.

जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही. औषध, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम, साखर, रक्तस्राव अशा कशामुळे तरी मेंदूचं काम तात्पुरतं बिघडलेलं असतं, आणि कारण सापडलं की बहुतेकदा ते पूर्ववत होतं. ओळखायच्या खुणा तीन. ते काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं. दिवसभरात कमी-जास्त होतं: सकाळी माणूस बरा, दिवेलागणीनंतर बिघडलेला. आणि लक्ष टिकत नाही: प्रश्न अर्धा ऐकून होतो तोवर नजर भलतीकडे गेलेली असते. भास झालेच पाहिजेत असं नाही. झाले तर ते बहुधा डोळ्यांचे असतात. भिंतीवर मुंग्या दिसतात, सलाईनचा स्टँड उभ्या माणसासारखा वाटतो, वारलेली आजी पायथ्याशी बसलेली दिसते.

सगळ्यात जास्त निसटतो तो शांत प्रकार. रुग्ण ओरडत नाही, नळ्या उपटत नाही. नुसता पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो, 'हं' म्हणतो आणि पुन्हा मिटतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळा वॉर्ड धावतो. हा मात्र 'आज शांत झोपलाय' म्हणून दोन दिवस तसाच राहतो. जेवताना घास तोंडात धरून बसणं, मोबाइल उलटा धरणं, चप्पल दिसत असून न सापडणं अशा बारीक गोष्टी डॉक्टरांना राउंडच्या चार मिनिटांत दिसत नाहीत. त्या घरच्या माणसालाच दिसतात.

वही

उपचार सुरू होण्याच्या दिवशी एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर, रुग्ण ठीक असताना, त्याची सही आणि त्याच्याच हाताने लिहिलेलं एक वाक्य घ्या. लिहिता येत नसेल तर एक चौकोन आणि एक गोल काढून घ्या. मग रोज ठरलेल्या वेळी तेच पुन्हा, तारीख-वेळ टाकून. अक्षर लटपटायला लागलं, ओळ तिरकी खाली घसरली, शब्द अर्धवट राहिला, तर बोलणं बिघडण्याच्या आधीच ते कागदावर दिसतं. काही उपचारांत तर डॉक्टर स्वतःच रोज एक वाक्य लिहून घेतात.

लिहून झालं की रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. किंवा वीसपासून एकपर्यंत उलटी मोजणी. शिकलेल्या माणसाला डिसेंबरपासून उलटे महिने. इथे उत्तरापेक्षा मधेच धागा सुटतो का ते पाहायचं. 'आज कोणती तारीख, कोणतं साल' हा प्रश्न गावाकडच्या आजोबांसाठी कुचकामी आहे. तारीख त्यांना बरे असतानाही माहीत नसते. त्यांना बाजाराचा वार विचारा, धाकट्या नातवाचं नाव विचारा. आणि विचारायचं ते घरच्या बोलीत. भ्रमात गेलेला माणूस शिकलेली भाषा आधी हरवू शकतो. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याला हिंदीत प्रश्न विचारून 'उत्तर देत नाही' अशी नोंद झाली, तर त्यातलं निम्मं चुकीचं असू शकतं. सिस्टर दुसऱ्या भाषेच्या असतील तर मधे तुम्ही उभे राहा.

वहीत आणखी चार रकाने हवेत: कोणतं औषध किती वाजता, ताप किती, लघवी-शौच कधी, झोप किती. भ्रमाचं कारण शोधताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'गेल्या चार दिवसांत नवीन काय सुरू झालं?' त्याचं उत्तर बहुतेकदा या रकान्यांतच असतं.

कोणत्या औषधाकडे कधी बोट जातं

स्टेरॉइड्स. एएलएल या ल्युकेमियाच्या प्रकारात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन आठवडे-आठवडे चालतं. प्रेडनिसोलोनचा डोस पुष्कळदा अंगाच्या प्रत्येक चौरस मीटरला रोज ६० मिलिग्रॅम असतो, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाला ९० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत. बोस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही सांगितले जातात: रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के, ४१ ते ८० मधले ४.६ टक्के आणि ८० च्या वरचे १८.४ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला. डेक्सामेथासोन याहून तिखट. त्याचं ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं ४०. त्रास बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होतो: आधी झोप उडते, मग अखंड बोलणं, चिडचिड, संशय, 'सिस्टर मला विष देतेय', आणि मग भास. मुलांमध्ये हट्ट, रडणं आणि वाईट स्वप्नं जास्त.

इथे दोन गोष्टी करता येतात. दिवसाचा डोस सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, दोन डोस असतील तर दुसरा दुपारी लवकर चालेल का, हे विचारा. रात्रीची गोळी झोप मोडू शकते. आणि ग्लुकोमीटरने साखर तपासत राहा, कारण स्टेरॉइडने साखर फार चढते आणि चढलेल्या साखरेनेही माणूस बरळतो. गोळ्या मात्र आपणहून बंद करायच्या नाहीत. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय एएलएलमध्ये तीच गोळी आजार मारत असते.

सायटाराबिन, मोठ्या डोसचं. एएमएल या ल्युकेमियाच्या दुसऱ्या प्रकारात ते दर बारा तासांनी, एक दिवसाआड असं एकूण सहा वेळा देण्याची पद्धत आहे. ते लहान मेंदूला इजा करू शकतं, सुरू केल्यापासून साधारण तिसऱ्या ते आठव्या दिवसात. वय साठीच्या वर असेल किंवा मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर धोका वाढतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या तपासणीचा) आकडा रोज विचारून वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघा: सही, तुमच्या बोटाला आणि स्वतःच्या नाकाला रुग्णाने आळीपाळीने बोट लावणं, आणि बोलणं जड, दारू प्यायल्यासारखं झालं आहे का. चालता येत असेल तर चार पावलं चालवून पाहा. डोळे आपोआप थरथरताना दिसले तर तेही सांगा. यातलं काहीही बिघडलं असेल तर बॉटल लावण्याआधी डॉक्टरांना बोलवा. हा दोष लवकर धरला तर बहुतेक वेळा भरून येतो; डोस चालूच राहिले तर तोल कायमचा जाऊ शकतो. 'एवढा एक डोस होऊन जाऊ दे' असं इथे चालत नाही.

मेथोट्रेक्सेट. पाठीतल्या इंजेक्शनानंतर २ ते १४ दिवसांत क्वचित असं होतं की एक हात-पाय लुळा पडतो, बोलणं बंद होतं, माणूस गोंधळतो, अगदी लकव्यासारखं. हे बहुधा काही तासांत ते दिवसांत ओसरतं, पण घरी बसून ओसरायची वाट पाहायची नसते. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट शिरेतून दिलं असेल तर त्यानंतरच्या ल्युकोव्होरिनची (मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम रोखणाऱ्या औषधाची) एकही वेळ चुकवू नका. रात्री तीनचा डोस म्हणजे रात्री तीनच. त्या काळात आयबुप्रोफेन असलेल्या दुखीच्या गोळ्या, उदाहरणार्थ कॉम्बिफ्लाम, घेतल्या तर औषध शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो आणि विषबाधा वाढते.

व्हिनक्रिस्टिन. याने शरीरात पाणी साठून सोडियम उतरू शकतं. मग गुंगी, गोंधळ, झटके. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधं सोबत असतील तर व्हिनक्रिस्टिन शरीरात जास्त काळ राहतं आणि नसांचा त्रास वाढतो. दोन्ही औषधं वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असू शकतात. अशा वेळी पूर्ण यादी फक्त तुमच्या वहीत असते.

व्होरिकोनाझोलबद्दल थोडं सविस्तर, कारण भासांची भीती यानेच जास्त पसरते. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात रंग वेगळे दिसणं, उजेड डोळ्यांवर येणं, कडा लाटांसारख्या हलणं हे पुष्कळांना होतं आणि थोड्या वेळात ओसरतं. त्यात रुग्णाला कळत असतं की हे खरं नाही. ते नोंदवा, पण घाबरू नका. माणसं, प्राणी, चेहरे दिसायला लागले, डोळे मिटले तरी चित्रं सरकत राहिली, तर रक्तातली औषधाची पातळी फार वाढली असण्याची शक्यता आहे. ती मोजता येते: पुढच्या डोसच्या लगेच आधी रक्त घेतात, आणि ५.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेली तर डोस कमी करतात. गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्यायची असते.

अ‍ॅस्पॅरजिनेजमुळे मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकू शकते: आधी दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, मग उलट्या, गोंधळ, झटके. त्यानेच रक्तातला अमोनिया वाढून सुस्तीही येते. सेफेपिम हे प्रतिजैविक मूत्रपिंडं मंदावलेली असताना साचतं आणि माणूस गुंग होतो किंवा बरळतो. मॉर्फिन, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, रक्त चढवण्याआधीचं एव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं औषध) यांनीही, विशेषतः वयस्कर माणसांत, भ्रम होतो. त्यांच्यामुळे लघवी तुंबते आणि शौच अडतं, आणि नुसत्या तुंबलेल्या लघवीनेही म्हातारा माणूस रात्रभर बरळू शकतो. ओटीपोट फुगलेलं वाटतंय का, हे म्हणून आधी पाहायचं.

ब्लिनाटुमोमॅब हे औषध आणि कार-टी पेशी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देणं) या नव्या उपचारांत मेंदूवरचा परिणाम अपेक्षितच धरलेला असतो, म्हणून तपासणीही ठरलेली असते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. कार-टीनंतर रोज दहा गुणांची परीक्षा घेतात: साल, महिना, गाव, रुग्णालय यांचे चार गुण, तीन वस्तूंची नावं सांगण्याचे तीन, सांगितलेली कृती करण्याचा एक, एक वाक्य लिहिण्याचा एक, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजण्याचा एक. कालचा दहावरून आज आठ झाला असेल तर ती किरकोळ घसरण नाही.

औषधाआधी वगळायच्या गोष्टी

सगळा दोष औषधावर टाकून निर्धास्त होण्यात मोठा धोका आहे. पांढऱ्या पेशी खाली असताना भ्रम ही जंतुसंसर्गाची पहिली खूण असू शकते, तापाच्याही आधी. स्टेरॉइडवर असलेल्याला कधीकधी ताप येतच नाही. तापमान तोंडात किंवा काखेत मोजा, गुदद्वारात कधीही नाही, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियसला पोहोचलं की ती तातडी. पॅरासिटॉमॉल देऊन ताप झाकू नका, आधी आकडा लिहा. प्लेटलेट फार कमी असतील तर डोक्यातल्या रक्तस्रावाची शंका पहिली. रुग्ण न्हाणीघरात घसरला आणि 'काही लागलं नाही' म्हणाला, तरी ते सांगायचंच. आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरलेला असणं हेही एक कारण. ते पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत कळतं.

आणि एक अवघड गोष्ट. रोज दारू पिणारा माणूस भरती झाला की दारू एकदम बंद होते. दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, अंगावर किडे चढताना दिसतात, झटकेही येऊ शकतात. घरचे लाजेने हे लपवतात आणि डॉक्टर किमोचा दोष शोधत बसतात. किती, कोणती, शेवटची कधी हे भरती होतानाच सांगा. यावर उपाय आहे, त्यात थायमिन हे जीवनसत्त्व महत्त्वाचं. तंबाखू आणि मिश्री अचानक सुटल्यानेही माणूस अस्वस्थ होतो. तेही लपवण्यासारखं नाही.

सिस्टरला काय सांगायचं

'पेशंट वेड्यासारखं करतोय' असं सांगितलं की झोपेचं इंजेक्शन येतं. त्याऐवजी असं सांगा: 'संध्याकाळी सहापर्यंत ठीक होते. आठपासून मला ओळखत नाहीत, वार उलटे म्हणता येत नाहीत. ताप ९९. दुपारी दोनला नवीन प्रतिजैविक लागलं. सकाळपासून लघवी झाली नाही.' एवढ्यात तपासणीची दिशा मिळते.

पलंगाशी

बोलणारा माणूस एकच असावा, आणि त्याने समोर बसून हळू बोलावं. भासाशी वाद घालू नका, पण होला होही मिळवू नका. 'बाबा, मी आहे. आपण हॉस्पिटलात आहोत, रात्र झालीय. मला तिथं कुणी दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथंच बसलोय.' एवढं पुरतं, आणि ते वीस वेळा म्हणावं लागतं. गंमत म्हणून 'हो, आलाय तो, हाकलतो त्याला' असं म्हटलं की पुढच्या तासाला तो परत येतो.

चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा. चष्मा पिशवीत राहिला की भास वाढतात. स्टँडवर टॉवेल-शर्ट टांगू नका. पूर्ण अंधार नको, मंद दिवा हवा. दिवसा पडदे उघडे, शक्य असेल तर खुर्चीत बसवणं. रात्री मोबाइलचा आवाज बंद. घड्याळ आणि दिनदर्शिका नजरेसमोर. दर दोन-तीन तासांनी लघवीला विचारा, कारण पडण्याचे पुष्कळ प्रसंग न्हाणीघराच्या वाटेवर होतात. पलंग सगळ्यात खाली. कठडे वर केले म्हणून निश्चिंत होऊ नका. गोंधळलेला माणूस त्यावरून चढून उतरतो आणि जास्त उंचीवरून पडतो.

पिक लाइन किंवा सेंट्रल लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) नजरेआड ठेवा, वरून सैल बाही किंवा जाळीची पट्टी. ती उपटलीच तर रुग्णाला सपाट झोपवा, स्वच्छ गॉज जोराने दाबून धरा, दुसऱ्याला सिस्टरकडे पळवा. प्लेटलेट कमी असतील तर दाब लवकर सोडू नका. हात बांधणं हा शेवटचा उपाय, आणि तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बांधलेला माणूस आणखी बिथरतो.

'मला घरी न्या, डिस्चार्ज घ्या' हा हट्ट भ्रमातला असू शकतो. त्या अवस्थेतल्या रुग्णाच्या हट्टापुढे झुकून जबाबदारीच्या कागदावर सही करू नका.

नातेवाइकांपैकी कुणीतरी 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणणारच. भांडत बसू नका. देवाजवळ नारळ घरी ठेवता येतो. फक्त अंगारा पाण्यातून पोटात, धूप पलंगाशी आणि अनोळखी काढा एवढ्या तीन गोष्टींना ठाम नकार द्या. पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीराला राखेतली माती आणि फुप्फुसातला धूर सोसत नाही.

घरी किंवा धर्मशाळेत असताना

उपचारासाठी मुंबईला आलेली पुष्कळ कुटुंबं किमोच्या दोन सायकलींच्या (फेऱ्यांच्या) मधे धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे असं झालं तर साखर आणि ताप मोजा. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत, नीट गिळतोय असं असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. मग फाइल, वही आणि औषधांची पिशवी घेऊन कॅज्युअल्टीत जा. झटका, एका बाजूची कमजोरी, उलटीसह असह्य डोकेदुखी, हाकेला न उठणं, डोक्याला मार यांपैकी काहीही असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता लगेच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. झटका आला तर कुशीवर वळवा, वेळ मोजा; कांदा, चप्पल, किल्ली यांतलं काही हुंगवू नका आणि दातांत चमचा घालू नका.

गल्लीतल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना तिथे रक्ताची गाठ होते. घरात कुणाची तरी झोपेची गोळी पडलेली असते, तीही देऊ नका.

डॉक्टर काय करतात, आणि नंतर

साखर, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, ऑक्सिजन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) हे लगेच. गरजेनुसार सीटी स्कॅन, एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी). ईईजी कशाला असा प्रश्न पडतो: हात-पाय न हलवता मेंदूत झटके चालू असू शकतात आणि बाहेरून माणूस फक्त हरवलेला दिसतो. फार अस्वस्थता असेल तर हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन थोड्या प्रमाणात देतात. एपीएल या ल्युकेमियाच्या प्रकारासाठी आर्सेनिक चालू असेल तर त्याआधी ईसीजी झाला का ते विचारा, कारण आर्सेनिक आणि ही शांत करणारी औषधं दोन्ही ईसीजीतलं हृदयाच्या ठोक्याचं क्यूटी अंतर लांबवतात आणि लय बिघडू शकते. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉनही तेच करतं.

कारण सापडल्यावरही डोकं निवळायला काही दिवस लागतात, वयस्करांना आठवडेही. बरा झाल्यावर पुष्कळांना भास स्पष्ट आठवतात आणि लाज वाटते, विशेषतः बायकोला किंवा सुनेला शिव्या दिल्या असतील तर. त्यांनी विषय काढला तर 'औषधाने झालं होतं' एवढं सरळ सांगा. त्या बरळण्याच्या नकला घरात करू नका. डिस्चार्ज कार्डावर कोणत्या औषधाने, कितव्या दिवशी, किती डोसवर भ्रम झाला हे लिहून मागा. पुढच्या सायकलला वॉर्ड वेगळा असतो, निवासी डॉक्टर बदललेले असतात. तेव्हा पहिली बॉटल लागण्याआधी ते कार्ड आणि वहीतलं लटपटत्या सहीचं पान दोन्ही समोर ठेवा.